वहिनी, ते तीन दोरे माझ्याकडे आहेत

वहिनी,

समोर बसून हे बोलायला गेले की "आपल्या माणसांत कसले आभार?" म्हणत तुम्ही चहा ठेवायला उठता. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

आईचा उजवा खांदा आखडला तेव्हापासून दर शनिवारी तिची वेणी तुम्हीच घालता. चवथीच्या आदल्या शनिवारी भांगाच्या डावीकडे तुम्हाला एक डाग दिसला. पिकल्या जांभळाची साल चिकटावी तसा. आई म्हणाली, माळ्यावरून माटोळीचं सामान काढताना फळी लागली असेल. मीही पणजीहून फोनवर म्हटलं, "मुका मार असेल, जाईल." तुम्ही वाद घातला नाही. शिवणाच्या मशीनवरचा पांढरा दोरा त्या डागावर धरला, बरोबर तेवढाच कापला आणि डबीत ठेवला.

दसऱ्याला दुसरा दोरा कापलात. तो पहिल्यापेक्षा बोटभर लांब होता. मधल्या काळात दवाखान्यातून आधी मलम मिळालं, मग गोळ्या. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. हा आजार सुरुवातीला काळानिळा पडल्यासारखा, कधी नुसत्या सुजेसारखा दिसतो, आणि केसांखाली असला तर तेवढाही दिसत नाही. मला टोचतं ते माझं ते "जाईल". मार लागल्याचा डाग दोन-तीन आठवड्यांत पिवळा पडून विरतो. हा तर पसरत होता, आणि ते एकट्या तुमच्या लक्षात आलं होतं.

पोरं नरकासुर घेऊन निघाली त्या रात्री आईच्या डोक्याला फणी लागली आणि रक्त थांबेना. तुम्ही पदर दाबून धरलात. तिसरा दोरा त्याच रात्रीचा. दिवाळी सरताच मला न विचारता तुम्ही आईला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात घेऊन गेलात, आणि बसमधून मला फोन केलात, "तू थेट गोमेकॉत ये."

चामडीच्या ओपीडीतली ती दुपार मी विसरणार नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? आई फळीची गोष्ट सांगू लागली. तुम्ही पर्समधून डबी काढलीत आणि तिन्ही दोरे केसपेपरवर शेजारी शेजारी मांडलेत. बाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी दिवा ओढला, सगळं डोकं बट बट बाजूला करून तपासलं, तर मागे आणखी दोन ठिपके निघाले. त्याच आठवड्यात बायोप्सी झाली.

अँजिओसार्कोमा. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींतून होणारा कॅन्सर. स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांतले कॅन्सर मुळातच कमी, आणि त्यांतही हा शंभरात एखाद-दुसरा. बहुतेक साठीच्या पुढच्यांना होतो, आणि डोक्याची त्वचा व चेहरा या त्याच्या नेहमीच्या जागा. दिसतो त्यापेक्षा कातडीखाली लांबवर पसरलेला असतो, त्यामुळे कापायचं तरी कुठपर्यंत हे सर्जनला कळत नाही. फुप्फुसांत लवकर जातो, म्हणून आधी छातीचा सीटी काढला. तो स्वच्छ निघाला तेव्हा कॉरिडॉरमध्ये तुम्ही माझा हात इतका घट्ट धरलात की बांगडीचा वळ उठला.

आईच्या डोक्यावर डाग तीन ठिकाणी होते, म्हणून ऑपरेशन बाजूला ठेवून दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध आणि नंतर रेडिएशन ठरलं. दुसरं मत घ्यायला आम्ही थिवीहून कोकणकन्येने परळला टाटात गेलो, तिथेही हेच सांगितलं. त्या महिन्यांत तुम्ही केलेली पेज, सुन्न पडलेल्या तळव्यांना लावलेलं तेल, सगळं लिहायचं तर वही पुरणार नाही.

डाग आता ओसरले आहेत. हा आजार परत येतो, डॉक्टरांनी ते लपवलेलं नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी बांबोळीची फेरी असते. उशिरा गेलो असतो तर काय झालं असतं, हे मी कुणाला विचारलेलं नाही. पण बाईंनी ते दोरे परत देताना मला म्हटलं होतं, "हे ज्यांनी केलं त्यांना सांभाळा."

डबी माझ्या कपाटात आहे. आईच्या मानेजवळ थोडे केस आलेत. वर येणार नाहीत, तिला ठाऊक आहे. परवा विचारत होती, एवढ्याशा केसांत अबोलीचा वळेसर राहील का. शनिवारी याल तेव्हा तुम्हीच बघा.

तुमची,
शेजारची