कझानच्या कोचबाईंना, एका ग्रिपबद्दल

कोचबाई, नमस्कार.

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. माझं रशियन अजून पेशंटला ‘कुठे दुखतंय?’ विचारण्यापुरतंच. पण तुम्ही पुढच्या महिन्यापासून हॉलवर नसणार हे परवा कळलं आणि लिहायला बसले.

पुण्यात एका नावाजलेल्या बॅडमिंटन कोचिंगमध्ये सरांनी तोंडावर सांगितलं होतं, “उंची नाही, सिंगल्स विसर. डबल्स खेळ, टाइमपास होईल.” फी मात्र टाइमपासची नव्हती. मेडिकलला इकडे निघाले तेव्हा रॅकेट आईनेच बॅगेत कोंबली.

तुमच्याकडे आले त्या दिवशी तुम्ही उंची बघितली नाहीत, रॅकेट बघितलीत. नाक मुरडून मुठीवरची पट्टी, म्हणजे जुनी ग्रिप, सोलून काढलीत. तिचा काळपट गोंद तुमच्या बोटांना चिकटला. मग स्वतःच्या किटमधली नवी ग्रिप खालून वर, तिरकी, ताणून गुंडाळलीत. टेप दातांनी तोडलीत. पैसे पुढे केले तर हात झटकलात. एवढंच. पण त्याआधी माझ्या रॅकेटसाठी कुणी दोन मिनिटं खाली बसलं नव्हतं.

गुंडाळता गुंडाळता तुमच्या रशियाच्या डबल्स जोडीची, सोरोकिना आणि विस्लोवाची गोष्ट सांगितलीत. 2012, लंडन ऑलिंपिक. दोघी गटातच बाहेर पडल्या होत्या. सोयीचा ड्रॉ मिळावा म्हणून मुद्दाम हरायला सर्व्हिस नेटमध्ये मारणाऱ्या चार जोड्या बाद झाल्या आणि या दोघींना परत बोलावलं. (आपल्या ज्वाला-अश्विनीचा क्वार्टर फायनल त्याच स्पर्धेत गुणफरकाने हुकला. ते अजून टोचतं.) सेमीफायनलला चीनपुढे हरल्या, पण ब्राँझच्या मॅचमध्ये कॅनडाला 21-9, 21-10. रशियाचं बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिंपिक पदक, तेही डबल्समध्ये!

“लॉटरी लागली की त्यांना,” मी म्हटलं. तुम्ही टेप दाबत म्हणालात, “2010 ला मँचेस्टरमध्ये युरोपियन चॅम्पियन झाल्या, तीपण लॉटरी?” मी गप्प.

असल्या माणसांचे आभार कसे मानायचे ते कुणी शिकवत नाही. नियमावर बोट ठेवून नकार देणारे पावलोपावली भेटतात, बोटं काळी करून घेणारं एखादंच.

ती ग्रिप आता झिजलीय. काल नवी लावायला बसले. तुमच्यासारखी ताणली जात नाही, वरच्या टोकाला घडी पडतेच. निघायच्या आधी एकदा दाखवाल?

तुमची,
मागच्या कोर्टावरची बुटकी