मराठी गेमनिर्मात्यांनी देवनागरीच्या अडचणी लेखी नोंदवाव्यात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठीचे धोरण राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर केले, तेव्हापासून गेमिंगमधील गुंतवणूक आणि रोजगार यांवर बरेच लिहिले गेले आहे. मात्र ज्या सॉफ्टवेअरवर गेम तयार होतात, त्या गेम इंजिनांच्या जडणघडणीत आपल्या वापरकर्त्यांचे म्हणणे कितपत पोहोचते, याचा उल्लेख या चर्चेत मला आढळला नाही. मराठीत गेम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवताना हा प्रश्न वारंवार समोर येतो, म्हणून हे पत्र.

अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांनी उभे केलेले ‘गोडॉट’ हे इंजिन २०१४ मध्ये मुक्त स्रोत म्हणून, म्हणजे मूळ कोड कोणालाही पाहता व बदलता येईल अशा रीतीने, सर्वांना खुले झाले. त्याला शुल्क नाही आणि ते साधारण संगणकावरही चालते, त्यामुळे आपल्याकडील विद्यार्थ्यांना ते सोयीचे आहे. परंतु त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरी मजकूर पडद्यावर नीट उमटत नसे. ‘कि’ लिहिताना संगणकात आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवली जाते, दिसताना मात्र ती वेलांटी डावीकडे यावी लागते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढावा लागतो. जोडाक्षरासाठी फॉन्टमधील वेगळा आकार निवडावा लागतो. ही मांडणी करणारा भागच इंजिनमध्ये नव्हता. त्यामुळे ‘किल्ला’ या शब्दातील वेलांटी ‘क’ सोडून ‘ल’ला चिकटल्यासारखी दिसे आणि ‘ल्ल’ पाय मोडून फुटे. अरबी आणि भारतीय लिप्या वापरणाऱ्यांनी ही उणीव अनेक वर्षे लावून धरली. अखेर १ मार्च २०२३ रोजी आलेल्या चौथ्या आवृत्तीत मजकुराची सगळी यंत्रणा नव्याने लिहिली गेली आणि त्यात लिप्यांची मांडणी करणारी ‘हार्फबझ’ ही मुक्त स्रोत प्रणाली समाविष्ट झाली.

इतके झाल्यावर आता काही सांगण्यासारखे उरले नाही, असे कोणी समजू नये. गेममधील संवाद पुष्कळदा एकेक अक्षर उमटत पुढे सरकतो. इंग्रजीत यात काहीच अडचण नाही. पण ‘स्त्री’ हा शब्द साठवलेल्या चिन्हांच्या क्रमाने उमटू लागला, तर ‘स’, मग पाय मोडलेला ‘स्’, मग ‘स्त’ असे आकार डोळ्यांसमोर बदलत जातात आणि वाचकाचा रसभंग होतो. गोडॉटच्या चौथ्या आवृत्तीत किती अक्षरे उमटवायची याची मोजणी अक्षरांची मांडणी होण्यापूर्वी करायची की झाल्यानंतर, हे निवडता येते. अशी निवड हवी हे ज्याच्या लिपीत अक्षरे जुळून नवा आकार घेतात, त्यालाच आधी जाणवते. काही गोष्टी तर मराठीत विशेष महत्त्वाच्या आहेत. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’, किंवा ‘तऱ्हा’ आणि ‘दुसऱ्या’ यांतील अर्धा र, यांबद्दल हिंदी वापरकर्ता तक्रार करील, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. ते काम आपलेच आहे आणि ते आपण फार कमी करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ ‘मराठी चालत नाही’ असे कळवून मात्र काही साधत नाही. इंजिनची आवृत्ती, संगणकाची प्रणाली, वापरलेला फॉन्ट, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय दिसले आणि तो दोष पुन्हा घडवून दाखवणारा लहानसा नमुना, एवढे दिले की विकासकाला थेट कामाला लागता येते. नवी सुविधा सुचवणाऱ्याला गोडॉटचे विकासक आधी विचारतात, की तुम्ही कोणत्या प्रकल्पावर काम करत आहात आणि तुमची अडचण नेमकी काय आहे, उपाय त्यानंतर. हेच काम चार ओळींच्या कोडने भागेल का आणि ही सुविधा वेगळी जोडता येणारी पूरक सोय (ॲड-ऑन) म्हणून न देता इंजिनच्या गाभ्यात का हवी, हेही विचारले जाते. हे प्रश्न मला अतिशय योग्य वाटतात, कारण त्यांची उत्तरे लिहिताना विद्यार्थ्याला स्वतःची अडचण प्रथमच नीट उमगते.

वापरकर्त्यांच्या नाराजीचे बळ २०२३ मध्ये जगाने पाहिले. ‘युनिटी’ या इंजिनच्या कंपनीने १२ सप्टेंबर रोजी गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनमागे शुल्क आकारण्याचे जाहीर केले. विकासकांनी इतका तीव्र विरोध केला, की दहा दिवसांतच अटी सौम्य कराव्या लागल्या आणि वर्षभराने ते शुल्क पूर्णपणे रद्द झाले. पण तो प्रश्न पैशांचा होता, आणि इंजिन सोडून जाऊ असे सांगणारे विकासक जगभर होते. मराठीच्या जोडाक्षरांसाठी तेवढी माणसे उभी राहणार नाहीत. संख्येची ही उणीव आपल्याला नेमक्या, पुराव्यासह लिहिलेल्या नोंदींनीच भरून काढावी लागेल.

नव्या धोरणातून जी प्रशिक्षण केंद्रे आणि अभ्यासक्रम उभे राहतील, त्यांत अशी नोंद लिहिणे हा गुणांसाठी धरलेला भाग असावा. या नोंदी इंग्रजीत लिहाव्या लागतात आणि ग्रामीण भागातील चांगले विद्यार्थी तिथेच अडखळतात. तेव्हा शिक्षकांनी मसुदा तपासून देण्याची जबाबदारी घ्यावी. गोडॉटसारख्या इंजिनांच्या चाचणी आवृत्त्या अंतिम आवृत्तीपूर्वीच सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. त्यांवर मराठी मजकूर तपासून पाहण्यासाठी जोडाक्षरे, अर्धा र आणि प्रमाणित अक्षररूपे यांचा एक नमुना मजकूर राज्य मराठी विकास संस्थेने तयार करून सर्वांना मोफत उपलब्ध करून द्यावा, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
संगणक विषयाची एक शिक्षिका, सांगली