आयोवातलं जमिनीचं बाड

आयोवा सिटी

प्रिय अप्पा,
साष्टांग नमस्कार. आईला सांगा थंडी कमी झालीय आणि हो, मी जेवतोय नीट.

तुम्ही फोनवर विचारलंत ना, घर घेताना कागद बघितले का म्हणून, ते फोनवर सांगत बसलो असतो तर तास गेला असता, म्हणून लिहितोय. इथे विकणारा एक जाड बाड हातात देतो, ॲबस्ट्रॅक्ट म्हणतात. सरकारकडून ती जमीन पहिल्यांदा कोणी घेतली तिथपासून सगळी खरेदीखतं, गहाणं, वारसनोंदी, कोर्टाचे निकाल ओळीने. म्हणजे सगळे फेरफार एकाच फायलीत, तलाठ्याच्या मागे फिरायला नको. अमेरिकेतल्या बाकीच्या राज्यांत मालकीचा विमा उतरवतात, म्हणजे मालकीत खोट निघाली तर भरपाई, आयोवात तो विकायलाच १९४७ पासून बंदी, त्यामुळे वकील हे बाड पान न् पान वाचतो. मी पण वाचलं, रात्री दोन वाजेपर्यंत.

पहिल्या पानावर चतुःसीमा शोधत होतो, पूर्वेस अमक्याचं शेत पश्चिमेस ओढा, तसलं काही नाहीच. नुसतं टाउनशिप ७९ उत्तर, रेंज ६ पश्चिम, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांच्या जाळीत कितवी ओळ नि कितवी रांग, मग अमक्या सेक्शनच्या चौथाईची चौथाई, म्हणजे ४० एकर. १७८५ च्या कायद्याने ठरलं होतं की आधी मोजणी मग विक्री. सहा बाय सहा मैलाचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचा, सोळावा शाळेच्या खर्चासाठी राखून. मोजणीची साखळी होती ६६ फुटांची, आणि आपला गुंठा ३३ बाय ३३, म्हणजे बरोब्बर अर्धी साखळी! केंटकीत मात्र जुन्या पद्धतीने ओकचं झाड, दगड अशा खुणांवर हद्दी चालायच्या, त्या घोळात अब्राहम लिंकनच्या वडिलांची जमीन गेली आणि १८१६ ला ते बिऱ्हाड घेऊन इंडियानाला निघून गेले. आपली बांधाची केस आठवली की नाही?

पण आयोवात गंमत अशी की मोजणी आणि विक्री व्हायच्या आधीच लोक येऊन बसले होते. झोपडी बांधायची, थोडं गवताळ रान फोडायचं, आणि कागद नसताना तो नुसता ताबाच दुसऱ्याला विकायचा, रोख नसली तर गाय बैल जे असेल त्यावर सौदा. भांडणं नकोत म्हणून १८३९ मध्ये या जॉन्सन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) सगळ्यांनी मिळून एक मंडळच काढलं, कोणाचा ताबा कुठे ते वहीत लिहायचे, विकला तर तेही लिहायचे. ती वही पुढे छापली पण गेली. सरकारी लिलावाच्या दिवशी सगळे मिळून हजर, मंडळाचा माणूस एकराला सव्वा डॉलर एवढी सरकारी किमान बोली पुकारणार आणि बाहेरच्या कोणी वर बोली लावली तर त्याची खैर नाही. ज्याच्याकडे रोख नसायची तो सावकाराकडे, सावकार जमीन स्वतःच्या नावावर घेणार आणि लिहून देणार की एवढ्या मुदतीत व्याजासकट पैसे आण मग तुझ्या नावावर करतो. मुदत खरेदीच की ही आपली!

रोखीचा तर दुष्काळच. १८४६ च्या राज्यघटनेने आयोवात बँक काढायलाच मनाई केली, ती १८५७ पर्यंत. मग दुकानदाराची वही चालायची, लोणी, अंडी, मेण, कातडी नेऊन द्यायची आणि मीठ, कॉफी, कापड खात्यावर आणायचं. हिवाळ्यात डुकरं हाकत मिसिसिपीकाठच्या गावांना न्यायची, तेव्हा कुठे उधारी फिटायची.

आता बाडातली एक गोष्ट, जी वाचून मी थांबलो. एका जुन्या खतावर बायकोची सही आहे आणि खाली अधिकाऱ्याने लिहिलंय की हिला नवऱ्यापासून वेगळं घेऊन विचारलं, कोणाच्या धाकाने नाही, राजीखुशीने सही करते. नवऱ्यामागे जमिनीत तिचा हिस्सा असायचा तो ती सोडतेय का यासाठी. खरं काय बोलली असेल देव जाणे, पण विचारलं तरी. आपल्याकडे आत्यांच्या हक्कसोडपत्राच्या वेळी कोणी एवढंही केलं नव्हतं, राग मानू नका.

आणि बाड सरकारपासूनच सुरू होतं, त्याआधीचं काहीच नाही. ही जमीन सॉक आणि मेस्क्वाकी या इथल्या मूळ जमातींची, १८३२ ची लढाई हरल्यावर करार करून घेतली, १८३७ ला आणखी. त्यातले काही मेस्क्वाकी परत आले आणि १८५७ मध्ये टामा काउंटीत ८० एकर चक्क १,००० डॉलर मोजून विकत घेतले, एकराला साडेबारा, सरकारी किमतीच्या दहापट. स्वतःच्याच मुलुखात! आज त्यांच्याकडे ८,००० एकरांच्या वर आहे, सगळी अशी घेत घेत. इथले लोक हे फार बोलत नाहीत.

बरं, माळाला गिऱ्हाईक आलंय म्हणालात. इसार इतक्यात घेऊ नका. मोजणीचा अर्ज टाकून ठेवा, आणि दोन्ही आत्यांना आधी फोन करा, काकांना मध्ये न घेता, तुम्ही स्वतः. बाकी दिवाळीत आलो की बोलू. जुना उतारा सापडला तर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा चिंगीला.

तुमचा,
बाळू