ताबारेझची काठी आणि तुमचं वयोमान

संपादक महोदय,

कालच्या क्रीडा पानावरचा दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल कोचेसवरचा लेख वाचला. लेख मोठा आहे, फोटो त्याहून मोठे आहेत, अर्जेंटिनाचे मेनोत्ती, बिलार्डो, स्कालोनी सगळे व्यवस्थित आलेत, अगदी तिते पण आलाय ज्याची ब्राझील दोन्ही वर्ल्ड कपला क्वार्टरफायनलमध्येच घरी गेली. आनंद आहे. पण उरुग्वेच्या ऑस्कर ताबारेझला तुमच्या लेखकाने शेवटच्या कॉलममध्ये जाहिरातीच्या वर उरलेल्या जागेत चार ओळी दिल्यात आणि त्यात एक वाक्य असं की 'वयोमानामुळे काठीचा आधार घ्यावा लागणाऱ्या ताबारेझ यांची अखेर उचलबांगडी करण्यात आली'. काल दिवसभर हे वाक्य डोक्यातून जाईना, बायको म्हणाली लिहून टाका एकदाचं, म्हणून लिहितोय.

अहो, वयोमान कुठलं? २०१६ मध्ये अमेरिकेत कोपा (दक्षिण अमेरिकेच्या देशांची मोठी स्पर्धा) होता तेव्हा हा माणूस प्रॅक्टिसला इलेक्ट्रिक गाडीवर बसून मैदानात फिरायचा, आणि त्याला जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद घालवणारा नसांचा आजार) झालाय असं जगभरच्या पेपरांत छापून आलं. हे दुसऱ्या एखाद्या शहरातल्या पेपरला आठवत नसेल तर एक वेळ ठीक आहे. पण पुण्यातून निघणाऱ्या पेपरला? जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच पहिल्या पानावर रोज पेशंटचा आकडा येत होता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, सगळ्यांची नावं येत होती, पाणी उकळून प्या, चिकन नीट शिजवा अशा चौकटी येत होत्या, आणि त्याच पेपरात आता जीबीएसचं वयोमान झालं! क्रीडा विभाग आणि शहर विभाग वेगवेगळ्या बिल्डिंगमध्ये बसतात का तुमच्याकडे?

मला एवढा राग यायचं कारण सांगतो. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच लाटेत सापडला. चाळिशीसुद्धा नव्हती. आधी जुलाब झाले, ते बरे झाले, आठवड्याभराने तळपायाला मुंग्या यायला लागल्या, आम्ही म्हटलं बूट घट्ट असेल, दुसऱ्या दिवशी जिना चढता येईना आणि मग बाथरूममधून उठताच येईना. हॉस्पिटल, आयसीयू, त्या आयव्हीआयजीच्या (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडीजच्या) बाटल्या, ज्यांनी बघितलंय त्यांना बिल किती येतं ते माहीत आहे, ज्यांनी नाही बघितलं त्यांना सांगून उपयोग नाही. तो वाचला. पण वाचला म्हणजे डिस्चार्ज मिळाला आणि उठून ऑफिसला गेला असं नसतं, महिनोन्महिने फिजिओथेरपी, आधी वॉकर, मग काठी, शर्टाचं बटण लावायला सुद्धा माणूस लागायचा.

आणि मग तो ऑफिसला गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही छापणार नाही आणि त्याला पीएफचा त्रास होईल. पहिल्या दिवशी पुष्पगुच्छ, केक, फोटो, सगळं झालं, ग्रुपवर फायटर वगैरे लिहून झालं. पुढच्या आठवड्यात त्याची टीम दुसऱ्याला दिली. का, तर तुझ्यावर लोड नको. मग क्लायंट मीटिंगला त्याला बोलवेनात, का, तर क्लायंट दचकतात. मग एचआरच्या मॅडमनी अतिशय गोड आवाजात विचारलं की तूच रिझाइन केलंस तर तुझ्यासाठी जास्त कम्फर्टेबल नाही का होणार. डोकं तेच, काम तेच, एक्सेल तीच, फक्त हातात काठी आली होती. शेवटी त्याने राजीनामा दिला, आता घरून हिशोबाची कामं करतो आणि बरी करतो. काल त्याला फोन करून तुमचं वाक्य वाचून दाखवलं तर हसला आणि म्हणाला, दाजी, माझ्या बाबतीत निदान पेपरात तरी नाही आलं.

आता उरुग्वेचं बघा. जेमतेम पस्तीस लाख लोकसंख्या, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मी पण नाही. तिथे फुटबॉलचा कोच म्हणजे राष्ट्राध्यक्षापेक्षा जास्त शिव्या खाणारी नोकरी. त्यांच्या कोचला उभं राहायला त्रास व्हायला लागला, साइडलाइनवर नाचता येईना, तर त्यांच्या असोसिएशनने काय केलं? काही नाही केलं. म्हणजे काढलं नाही. तो बाकावर बसून टीम चालवायचा, सकाळी गाडीवरून प्रॅक्टिस बघायचा. आणि २०१८ च्या वर्ल्ड कपला रशियाला गेले तेव्हा इजिप्तविरुद्ध एकोणनव्वदाव्या मिनिटाला हिमेनेझने हेडर मारला तेव्हाचा काठीवर उभा राहिलेला म्हातारा ज्यांनी टीव्हीवर बघितला त्यांना विचारा. ग्रुपच्या तिन्ही मॅचेस जिंकल्या, एकही गोल न खाता. मग रोनाल्डोच्या पोर्तुगालला घरी पाठवलं, कावानीचे दोन गोल. क्वार्टरफायनलला फ्रान्सविरुद्ध कावानी जखमी, खेळलाच नाही, गोलकीपर मुस्लेराच्या हातातून बॉल निसटला आणि संपलं. आणि हे सगळं झाल्यावर त्याच वर्षी असोसिएशनने त्याचं कॉन्ट्रॅक्ट २०२२ पर्यंत वाढवलं. एकाहत्तर वर्षांच्या, काठी घेतलेल्या माणसाचं! इथे चाळिशीच्या आतल्याला सहा महिने पण धरून ठेवलं नाही कोणी.

तुमच्या लेखकाने हे पण लिहिलंय की ताबारेझ 'युरोपात अपयशी' ठरला. इटलीच्या मिलान क्लबबद्दल म्हणत असतील तर खरंय, १९९६ च्या डिसेंबरमध्ये पिआचेंझाकडून हरल्यावर काढला त्याला, अर्धा सीझनसुद्धा झाला नव्हता. पण मग त्याच्या जागी त्यांच्या जुन्या नामवंत कोचला, खुद्द साक्कीला परत आणलं तरी मिलान त्या वर्षी अकराव्या नंबरवरच राहिलं, ते कोणी लिहायचं? आणि ज्याने १९८७ मध्ये उरुग्वेच्या पेन्यारोल क्लबला लिबेर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप) जिंकून दिला, तिसऱ्या मॅचमध्ये, एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटच्या मिनिटाच्या गोलवर, ड्रॉ झाली असती तर कप समोरच्या कोलंबियाच्या अमेरिका दे काली क्लबला गेला असता (तेव्हापासून पेन्यारोलला तो कप परत मिळालेला नाही), ज्याने १९९२ मध्ये अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला अकरा वर्षांनी लीग जिंकून दिली, त्याची ओळख मिलानच्या चार महिन्यांवरून करून द्यायची हे कुठलं क्रीडा पान.

त्याला सगळे माएस्त्रो म्हणतात कारण तो खरोखर शाळेत मास्तर होता, फुटबॉल खेळता खेळता पोरांना शिकवायचा. २००६ मध्ये दुसऱ्यांदा उरुग्वेने बोलावलं तेव्हा टीमची काय अवस्था होती ते बघा, ऑस्ट्रेलियाकडून पेनल्टीवर हरून वर्ल्ड कपच हुकलेला. तर या मास्तराने असोसिएशनपुढे कागद ठेवला की फक्त मोठी टीम नाही, अंडर-१५ पासून सगळ्या टीम एकाच पद्धतीने चालणार. पोरांनी शाळा सोडायची नाही, मोठ्यांना नमस्कार करायचा, वगैरे वगैरे. ऐकायला आपल्या मुख्याध्यापकांच्या परिपत्रकासारखं वाटतं. पण २०११ मध्ये अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल खेळले, २०१३ मध्ये अंडर-२० ची, दोन्ही हरले हा भाग वेगळा, पण तो हेडर मारणारा हिमेनेझ त्या २०१३ च्याच बॅचचा. मधे २०१० मध्ये वर्ल्ड कपला चौथे आले आणि २०११ चा कोपा अर्जेंटिनात जाऊन जिंकले, फायनलला पॅराग्वेला तीन-शून्य. चार वर्ल्ड कपला एकाच देशाची टीम, १९९० धरून, दोनशेहून जास्त मॅचेस. चार ओळी!

मी काही त्याचा आंधळा भक्त नाही. २०१४ च्या वर्ल्ड कपला उरुग्वेचा सुआरेझ इटलीच्या किएलिनीला चावला तेव्हा मास्तर पत्रकार परिषदेत फिफावर घसरला, त्यांच्या कमिटीचा राजीनामा दिला, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, चावला तो चावला, वर्गातल्या पोराला मास्तर असं सोडतो का. आणि खेळ पण कधी कधी इतका कंटाळवाणा असायचा की रात्री जागून बघणाऱ्याला डुलकी लागायची. शेवटी २०२१ मध्ये अर्जेंटिना, ब्राझील, परत अर्जेंटिना आणि मग ला पाझच्या उंचीवर बोलिव्हिया, सलग चार मॅच हरले, अकरा गोल खाल्ले, नोव्हेंबरमध्ये काढून टाकलं. बरोबर केलं असंही म्हणणारे आहेत आणि त्यांच्याकडे पुरावा आहे, कारण नवा कोच दिएगो अलोन्सोने उरलेल्या चारही मॅचेस जिंकून कतार गाठलं. (कतारला ग्रुपमध्येच गेले ते सोडा.) पण लक्षात घ्या, मास्तराला काढलं ते मॅच हरला म्हणून. काठीसाठी नाही. काठी तर त्याआधी पाच वर्षं होती हातात, तिच्यासकट वर्ल्ड कपची क्वार्टरफायनल खेळला. एवढाच फरक आहे, पण आमच्या घरात तो फार मोठा फरक आहे, आणि तुमच्या लेखकाने वयोमान, काठी आणि उचलबांगडी एकाच वाक्यात घालून तो पुसून टाकला. उद्या कुठला तरी एचआरवाला ते वाक्य वाचेल आणि मान डोलवेल की बघा, तिकडे पण असंच करतात.

तेव्हा दुरुस्ती छापा ही विनंती. कोपऱ्यात छापली तरी चालेल, तुमच्या दुरुस्त्या कुठे येतात ते मला माहीत आहे.

आणि विषय निघालाच आहे म्हणून, त्या पाण्याच्या बातमीचं पुढे काय झालं? जानेवारी-फेब्रुवारीत तुमचे वार्ताहर आमच्या भागात विहिरीपाशी, टँकरपाशी, नळापाशी उभे राहून फोटो काढत होते, मग आकडा कमी झाला तसे वार्ताहर पण कमी झाले. आमच्याकडे अजून पण नळाचं पाणी कधी कधी गढूळ येतं, मी बाटलीत भरून ठेवलंय, हवं तर ऑफिसला पाठवतो. जे पेशंट बरे झाले म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्या त्यातले किती कामावर परत गेले, कितींना ठेवून घेतलं, यावर एक तरी बातमी करा की. कोचेसवर अर्धं पान निघतं तर यावर पाव पान निघेल.

पत्र लांबलंय हे कळतंय. जागेअभावी कापायचंच असेल तर मिलान कापा, बोका कापा, मेहुण्याचं कापू नका.

कळावे,
एक जुना वर्गणीदार,
धायरी, पुणे