सतरा नंबरचा मासा

पुणे, रविवार, सकाळी

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण माझा फोन तुझी आई माझ्याआधी वाचते. म्हणून कागदावर लिहून, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून तुझ्या ऑफिसच्या मेलवर पाठवतोय. वाचून झालं की उडवून टाक.

गेल्या आठवड्यात तळजाईच्या कट्ट्यावर मी तो फोटो दाखवला. मागे धक्क्याला लागलेली बोट, अंगात तुझं नारिंगी जॅकेट आणि दोन्ही हातांत टूना. 'तुम्ही पकडलात?' असं कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, 'मग काय, मंडईतून आणला?' नीट पाहिलंस तर यात खोटं एक अक्षर नाही. आपल्या पेठेतली जुनी युक्ती आहे, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायचं.

पण कट्ट्यावर हर्णैचे एक गृहस्थ येतात. वडिलांची होडी होती, आता इथे मुलीकडे असतात. त्यांनी उलटतपासणीच सुरू केली. दोरी किती पौंडाची? गळाला काय लावलं होतंत? कुपा, म्हणजे टूनाच, वर येताना सरळ आला की फिरत? मी सगळं बरोबर सांगितलं. चाळीस पौंडाची दोरी, जिवंत तारली, आणि शेवटी बोटीखाली गोल गोल घिरट्या घालत आला. शेजारी उभं राहून डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं होतं. मग त्यांनी विचारलं, 'दुसऱ्या दिवशी कुठे दुखलं?' मी म्हणालो, कंबर. ते नुसते हसले आणि शेंगदाणे खात राहिले. कंबर खरंच दुखली होती रे, पण ती तुमच्या बोटीवरच्या त्या बंकने. आपल्या स्लीपरचा वरचा बर्थ त्यापुढे दिवाणखाना वाटावा. ज्याने मासा ओढलाय त्याचे हात जातात, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तर आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला माहीत आहे, पण मला काय माहीत आहे ते तुला माहीत नाही.

सॅन डिएगोच्या त्या धक्क्यावर रात्री नऊला मासे पकडायला पासपोर्ट मागितला, तिथेच मला हा प्रकार आवडला होता. मेक्सिकोच्या हद्दीत जाणार म्हणून पासपोर्ट! आमच्याकडे खडकवासल्याला गळ टाकायला चप्पल काढून ठेवली की झालं. मग बोट खाडीतल्या त्या तरंगत्या पिंजऱ्यांपाशी थांबली आणि पोरांनी जाळीने उपसून उपसून जिवंत तारल्या टाकीत ओतल्या. कडेला पेलिकन टपलेले, पाण्यात सी लायन भुंकताहेत. मला लक्ष्मी रोडवरच्या दुकानांचे शटर बंद होतानाची कुत्री आठवली. तुझ्या आईने दिलेला आलेपाक मी तेव्हाच उघडला. ॲव्होमिन घेतली होतीच, पण पोट सांभाळलं ते आल्याने, हे माझं ठाम मत आहे. त्या दाढीवाल्या डेकहँडनेही, म्हणजे बोटीवरच्या खलाशाने, दोन वड्या खाल्ल्या आणि तिसरी खिशात टाकली.

रात्रभर इंजिनाची घरघर ऐकत पडलो होतो. तुला झोप लागली. मी चार वाजता वर आलो आणि गॅलीतल्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरातल्या, बाईंकडून कॉफी घेतली. कॅप्टन पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या 'सोनार' यंत्राच्या पडद्याकडे बघत बसले होते. टूल सेट करताना आमचे जुने मास्तर डायल गेजकडे बघायचे, अगदी तसेच. कॅप्टननी मला ब्लूफिन टूनाचं सांगितलं. पॅसिफिकमधला ब्लूफिन जपानच्या बाजूला जन्मतो. त्यातले काही वर्षा-दोन वर्षांचे झाले की अख्खा महासागर ओलांडून कॅलिफोर्नियाकडे येतात, काही वर्षं तिथे खाऊन-पिऊन मोठे होतात आणि अंडी घालायच्या वयात परत जातात. हे मी मुद्दाम काही सुचवायला लिहीत नाहीये. कॅप्टननी सांगितलं, ते तसंच लिहिलं.

उजाडल्यावर मागे ओढत असलेल्या दोऱ्यांपैकी एक कडाडली, कोणीतरी 'हुकअप!' म्हणून ओरडलं आणि अठ्ठावीस माणसं एकदम कठड्याला भिडली. इंजिन बंद झालं. डेकहँड मूठमूठ तारल्या पाण्यात फेकत होता, आणि खाली, अगदी हाताशी, पिवळ्या शेपटीच्या सुऱ्या इकडून तिकडे चमकून जात होत्या. तारलीच्या नाकातून गळ कसा ओवायचा ते तू मला दाखवलंस. माझे हात थरथरत होते, ते वयाने नव्हे.

माझी तारली गेली, गेली, आणि मग दोरी अशी सुटली की रिळावरचा अंगठा भाजला. एक-दोन-तीन म्हणून मी रिळावरची ताण वाढवायची लिव्हर पुढे सरकवली, 'स्ट्राइक' लिहिलंय तिथपर्यंत. बरोबर केलं. मासा थांबेना. दाढीवाला माझ्या कानाशी 'लेट हिम रन, पापा, लेट हिम रन' म्हणत होता. आता ऐक. त्या खुणेच्या पुढे एक छोटं बटण असतं. ते दाबल्याशिवाय लिव्हर आणखी पुढे जात नाही. ते तिथे का ठेवलंय, हे पाहताक्षणी माझ्या लक्षात आलं होतं. भोसरीत छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, स्टॉपर कशासाठी असतो हे मला कोणी शिकवायला नको. चाळीस पौंडाच्या दोरीवर ताण तिच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाचाच ठेवायचा, हे तू आदल्या रात्री सांगितलंही होतंस. तरी मी ते बटण दाबलं. रिळावरची दोरी संपत चालली होती आणि मला ते बघवेना.

आवाजसुद्धा मोठा झाला नाही. टप्प. हातातला रॉड एकदम हलका झाला.

संक्रांतीला गच्चीवर तुला 'ढील दे रे, ओढू नकोस' असं दर वर्षी मी ओरडायचो. तू ओढायचास आणि पतंग जायचा. तेव्हा तुला मी काय काय बोललोय, ते सगळं मला तिथे, मेक्सिकोच्या समुद्रात, एकापाठोपाठ एक आठवलं.

मग तुझे दोन आले. पहिला वीस मिनिटं चालला. तू त्याच्यामागे कठड्याने अख्ख्या बोटीला एक प्रदक्षिणा घातलीस, कोणाच्या दोरीखालून, कोणाच्या वरून. मासा जिकडे तिकडे तू. शेवटी तो खोल पाण्यात चकरा मारायला लागला, दाढीवाल्याने आकडा मारून वर घेतला, आणि त्याची शेपटी डेकवर अशी वाजायला लागली की ताशावर दोन्ही काठ्या धरून कोणी थरथर काढतंय असं वाटावं. मी हात लावला तर गरम! समुद्रातून आलेला मासा आणि गरम. कट्ट्यावर हे सांगितल्यावर कोणाला पटेना, फक्त हर्णैवाल्यांनी मान हलवली. बांगडा, सुरमई, कुपा सगळे एकाच घराण्यातले, ते म्हणाले, पण कुपा जन्मभर पळत असतो, थांबला तर गुदमरतो, आणि पळण्याची ऊब अंगातच धरून ठेवतो. म्हणूनच लगेच रक्त काढून गार करावा लागतो, नाहीतर मांस बिघडतं आणि खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात.

दुसरा मासा आला तेव्हा मी गॅलीच्या दाराशी होतो. तुला वाटलं मी आत आहे. मासा कोणाचा हे ओळखायला ते त्याच्या कल्ल्यावर नंबराचा बिल्ला ठोकतात. तुझा अठरा, माझा सतरा. दाढीवाल्याने बिल्ले हातात घेऊन तुझ्याकडे पाहिलं. तू आधी एक बोट दाखवलंस, मग सात. त्याने मान वळवली, मी दिसलो. त्याने डोळा मारला आणि ठोकून दिला.

खरं सांगू? मला राग आला. चांगलाच. बासष्टाव्या वर्षी मला कोणी खोटा मासा देतंय, तेही माझा मुलगा, म्हणजे मी काय पाळण्यातलं पोर आहे का, असं वाटलं. परतीच्या वाटेवर मी तुझ्याशी फार बोललो नाही, ते तू उलटीवर ढकललंस. मला एकदाही उलटी झाली नाही, याची नोंद असावी.

धक्क्यावर ते नंबर पुकारत मासे बाहेर काढत होते. 'सेव्हन्टीन!' म्हटल्यावर कठड्याला माझ्या शेजारी उभा राहिलेला तो थोराड माणूस टाळ्या वाजवायला लागला. त्याने माझा हात हातात घेऊन हलवला. माझी दोरी तुटताना त्याने पाहिली होती, तरीही. मी मासा उचलला. तू फोटो काढलास. फोटोत मी हसतोय. ते हसू खरं आहे, आणि ते कशाचं आहे हे मला अजून नीट सांगता येत नाही.

घरी तुझ्या आईने वेंगुर्ल्याच्या पद्धतीने तिरफळं घालून त्याचं तिखलं केलं, आणि तू बोटीवर तोच मासा कच्चा, सोया सॉसमध्ये बुडवून खाल्लास हे कळल्यावर देवापुढे दिवा लावला. तिखलं चांगलं झालं होतं. तुकडे जरा जास्त शिजून कोरडे झाले होते, पण हे मी तिला अजून बोललेलो नाही.

काल कट्ट्यावर मी हर्णैवाल्यांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. बटणाचंही सांगितलं. ते म्हणाले, 'त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. पण मुलाने नंबर दिला ना, मग मासा तुमचाच.' मग चहाचे पैसे त्यांनी मला द्यायला लावले, सगळ्यांचे, सहा कप.

बिल्ला मी दाढीच्या डब्यात ठेवलाय. माशाचा वास अजून जात नाही. पुढच्या उन्हाळ्यात येतो तेव्हा बुकिंग करशील, तर आपल्या दोघांचे नंबर जरा लांब लांब घे. आणि रॉड मला तोच दे, बटण कुठे आहे ते आता पाठ आहे.

सूनबाईंना आशीर्वाद. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तिने वेंगुर्ल्याला फोन करून सगळ्या माहेराला सांगितलंय.

तुझा,
बाबा