वजनाच्या गटाला वर्ष द्या

संपादक महोदय,

सोसायट्यांच्या सभागृहांत सध्या ‘21 दिवसांत वजन घटवा’ शिबिरे भरतात. पहिल्या दिवशी व्याख्यान आणि आहारतक्ता, शेवटच्या दिवशी सर्वाधिक किलो उतरवणाऱ्याला बक्षीस. त्यापायी लोक अखेरचे दोन दिवस पाणीही तोडतात. काटा खाली येतो आणि जेवण सुरू होताच पुन्हा चढतो. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना असे लंघन केले, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो.

अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध अभ्यासात (2002) उद्दिष्ट साधे होते: मूळ वजनाच्या 7 टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालणे. 80 किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो. तेवढ्यानेही मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. तिथली शिकवणी एकेकट्याला होती. पुढे ती गटात आली: सहा महिन्यांत 16 बैठका, मग वर्ष पुरे होईपर्यंत महिन्याला एक. ब्रिटनमधील 2017 च्या चाचणीत 12 आठवडे गटाची सोय मिळालेल्यांचे वजन वर्षअखेर सरासरी पावणेपाच किलोंनी, तर 52 आठवडे मिळालेल्यांचे पावणेसात किलोंनी उतरले होते. गट तोच, फक्त मुदत वाढवलेली.

गट दहा-पंधरा जणांचा असावा, वार आणि वेळ ठरलेली. वजन पडद्याआड करावे, आकडा मोठ्याने वाचू नये. ज्याचे वाढले तो पुढच्या आठवड्यात येत नाही, आणि खरी गरज त्यालाच असते. (काटा फरशीवर ठेवावा. सतरंजीवर तो भलतेच दाखवतो.) गैरहजर राहिलेल्याला त्याच संध्याकाळी फोन गेला पाहिजे.

व्याख्यान पंधरा मिनिटे पुरे, उरलेला वेळ रोजच्या खाण्याची नोंद असलेल्या वह्यांना. ‘नेहमीचे जेवण’ ही नोंद निरुपयोगी. ‘चहा’ म्हणजे किती कप, साखर किती चमचे, सोबत बिस्किटे किती? प्रत्येक घरची वाटी वेगळी, म्हणून मापाची एक वाटी टेबलावर ठेवावी. तेलाचा हिशेब तर महिन्याच्या किराणा यादीवरूनच निघतो. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 40 मिली, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. दिवसाचे तेल सकाळीच छोट्या बाटलीत काढून ठेवले की फोडणीला हात आपोआप आखडतो. हा उपाय स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला बैठकीला बोलावल्याशिवाय टिकत नाही. सासूबाई वाढताना हात सैल सोडत असतील, तर त्यांनाही बोलवावे.

पाच-सहा महिन्यांनी वजन अडते. शरीर हलके झाल्याने त्याची गरजही घटलेली असते, शिवाय वहीतल्या नोंदी विरळ होतात. बहुतेक शिबिरे तोवर कधीच गुंडाळलेली असतात. महापालिकेने आपल्या दवाखान्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खोली आणि एक आहारतज्ज्ञ वर्षभरासाठी द्यावा. पावडरचे डबे विकणाऱ्यांना मात्र त्या खोलीत जागा नको.

— एक आहारतज्ज्ञ, पुणे