रन म्हणजे फक्त धावणं नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमचा पेपर आम्ही बडोद्याची मराठी माणसं रोज मोबाईलवर वाचतो, म्हणून विनंती तुमच्याकडेच करतेय. मुलांना इंग्लिश शब्दांच्या ज्या याद्या पाठ करायला लावतात ना, एका शब्दापुढे एकच अर्थ, त्याबद्दल कुणीतरी पेपरात लिहायला हवं. दांडिया बाजारात माझ्याकडे संध्याकाळी शेजारची मुलं अभ्यासाला येतात, घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्लिश अशी ही मुलं, डोकं एकदम तल्लख, पण सगळ्यांच्या वह्यांत रन = धावणे, गेट = मिळणे, टेक = घेणे, बस्स. मग धड्यात 'द कलर रॅन इन द वॉश' असं वाक्य आलं तर सहावीतली हुशार मुलगीसुद्धा 'धुताना रंग धावला' असं लिहून मोकळी होते आणि वर विचारते, कुठे धावला?

मी तिला काही समजावत बसले नाही, घरातली नवी लाल बांधणीची ओढणी बादलीत भिजवली आणि सोबत एक पांढरा रुमाल टाकला. पाण्यात लाल रेघा पसरायला लागल्या, रुमाल गुलाबी झाला, तशी तीच म्हणाली, अय्या, रंग सुटला! झालं, आता हा अर्थ ती कधी विसरणार नाही.

रन शब्द बडोद्याच्या मुलांना क्रिकेटमुळे बोलायला लागल्यापासून माहीत असतो. 1947 च्या रणजी फायनलला इथेच होळकर टीमविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी 577 रनांची पार्टनरशिप केली होती, जगातलं ते रेकॉर्ड 2006 पर्यंत टिकलं. पण तिथेही बघा, चौकार गेला की कुणाला धावावं लागत नाही तरी चार रन मिळतातच, म्हणजे क्रिकेटमध्येच शब्द धावण्याच्या पुढे गेलेला आहे.

आणि हा शब्द केवढा मोठा आहे याची मुलांना कल्पनाच देत नाहीत. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या 1989 च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती, 430 अर्थ. पुढे नवीन आवृत्तीचं काम करताना 'रन'ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले आणि पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिन्यांहून जास्त काळ त्या एकाच शब्दावर बसले होते. नळ वाहतो, नाक वाहतं त्यालाही रनच, आणि तो अर्थ मागाहून चिकटलेला नाही, जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द पाण्याच्या वाहण्यालाही होता, जर्मनमध्ये 'रिनेन' म्हणजे अजूनही वाहणं. विश्वामित्री बडोद्यातून वाहते हे सांगायलाही इंग्लिशमध्ये रन चालतं. मग यंत्रं आली, आगगाड्या आल्या, शेवटी कॉम्प्युटर आला, ते सगळं पण रन व्हायला लागलं.

मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे की इंग्रज जिथे धावतो तिथे आपण चालतो! दुकान चालतं, मशीन चालतं, सिनेमा पंचवीस आठवडे चालला, बाई एकटीने घर चालवते, या सगळ्याला इंग्लिशमध्ये रन. दुकान पळवलं म्हटलं तर आपल्याकडे पोलीस येतील. गुजरातीतही 'दुकान चाले छे' असंच म्हणतात, म्हणजे आमच्या मुलांना दोन भाषांतून ही किल्ली आधीच मिळालेली आहे, फक्त यादीत रनपुढे 'चालणे' कुणी लिहीत नाही. अर्थात चालणेही सगळीकडे चालत नाही, दूध रन आउट झालं म्हणजे संपलं, मंडईत कुणी रन इंटू झालं म्हणजे अचानक भेटलं, आणि बँकेवर रन म्हणजे बँक बुडणार या भीतीने पैसे काढायला उडालेली झुंबड. हे वाक्यातूनच कळतं, यादीतून नाही. मराठीत तरी काय, भूक लागते, फोन लागत नाही, आंबा गोड लागतो, मुलगा नोकरीला लागतो, तो माझा मामा लागतो, हे आपण कुठल्या यादीतून शिकलो? ऐकून ऐकूनच ना!

आणि हे काम पूर्वी आमच्याच गावात झालंय. सयाजीराव महाराजांनी 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढवला, कारभारातल्या इंग्लिश शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी अशा आपल्या भाषांत काय म्हणायचं त्याचा कोश, म्हणजे शब्दावर बसून विचार करायची सवय या शहराला होती.

तर विनंती अशी की रविवारच्या अंकात मुलांसाठी छोटा कॉलम सुरू करा, दर वेळी एकच छोटा इंग्लिश शब्द, त्याची आठ-दहा साधी वाक्यं आणि प्रत्येकाला आपण घरात बोलतो तसं मराठी. वाक्यं पुस्तकी नकोत, स्वयंपाकघरातली, बसमधली, मॅचमधली असू देत. पहिल्या अंकाला रन घ्या, नंतर गेट, सेट, टेक, पुट आहेतच. वाक्यं जमवायला मी आणि माझ्याकडची मुलं हवी तेवढी मदत करू.

आपली एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा